अर्ज, पोच आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



समितीने मला विषय दिला तो 'कळंब शहराच्या समस्या व विकास' असा. विषय ऐकून मला जरा हसू आलं. समस्या म्हटल्या तर कोणत्याही पानठेल्यावर अर्ध्या तासात पन्नास मिळतात. विकास पाहायचा तर निवडणुकीच्या बॅनरवर पाहावा. मी काही पुढारी नाही, प्राध्यापकही नाही. एकतीस वर्षे एस.टी.त वाहक म्हणून नोकरी केली. माझी अर्धी हयात नागपूर-यवतमाळ रस्त्यावर गेली. 'चला, कळंबवाले उतरा' असं म्हणून हजारो माणसं मी या गावात उतरवली. त्यातले पुष्कळजण चिंतामणीच्या दर्शनाला आलेले असत. विचारायचे, 'कंडक्टर साहेब, ते जमिनीखालचं मंदिर कोणीकडे आहे?' मी हात करून दाखवायचो. त्यांना काय माहीत की या कंडक्टरचं घरही याच गावात आहे, आणि तिथपर्यंत जायला पावसाळ्यात चप्पल हातात घ्यावी लागते!

त्या मंदिराचं नवल साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. गाभारा जमिनीच्या खाली, तिथे कुंड, आणि काही वर्षांच्या अंतराने कुंडाचं पाणी चढत चढत मूर्तीच्या पायाशी येतं, अशी त्याची ख्याती. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी; आपण त्यावर बोलायला जमलो नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की या गावाच्या पोटात पाणी आहे. मग मे महिन्यात आमच्या मायबहिणी गुंड घेऊन काहून हिंडतात? पाणी असणं वेगळं आणि आपल्या दाराशी येणं वेगळं. ही गोष्ट बाबासाहेबांनी महाडला दाखवून दिली, त्याकडे मी थोड्या वेळाने येतो. आधी मला आपल्या गावातला एक बदल सांगायचा आहे. तो झाला तेव्हा आपल्या कोणाच्या फारसा लक्षात आला नाही.

पूर्वी कळंबला ग्रामपंचायत होती. २०१४-१५ च्या सुमारास शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या, त्यात आपलंही गाव आलं. आपण खेड्याचे शहरवासी झालो. सतरा प्रभाग झाले, सतरा नगरसेवक आले, त्यात निम्म्या जागा महिलांच्या. सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. फटाके फुटले. मीही पेढा खाल्ला.

पण त्याच दिवशी आपली ग्रामसभा गेली, बरं का. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना गावात दवंडी फिरायची, नाहीतर लाऊडस्पीकर. ग्रामसभेत गोंधळ व्हायचा हे मला मान्य आहे. दोघेजण भांडायचे आणि बाकीचे घरी जायचे. तरी आपल्यातला एखादा म्हातारा टोपी सावरून उभा राहून 'आमच्या वस्तीचा हापशी दोन महिन्यांपासून बंद आहे' असं सगळ्यांसमोर म्हणू शकत होता, आणि कायद्याने त्याचं ऐकावं लागत होतं. नगरपंचायतीत सभा असते ती नगरसेवकांची. आपण तिथे उठून बोलू शकत नाही. २००९ साली राज्याच्या नगरपालिका कायद्यात 'क्षेत्रसभा' नावाची तरतूद आली. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसावं, नगरसेवकांनी ऐकावं, कामं सुचवावीत, असा तिचा अर्थ. मी आजवर पंचवीस जणांना विचारलं, भाऊ, क्षेत्रसभा म्हणजे काय? एकाने मला सांगितलं, क्षेत्रपाल नावाचा देव असतो, त्याची सभा असेल!

आता कोणी म्हणेल, काका, तुम्हाला ग्रामपंचायतीचं फार प्रेम आलं. तसं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना चांगलंच फटकारलं होतं. खेडं काय चीज आहे हे आपल्या आजोबांना विचारा. गाव शहर झालं त्याचं मला दुःख नाही, उलट बरंच झालं. माझं म्हणणं एवढंच की विचारायची जागा गेली, आणि जागेबरोबर विचारायची सवयही गेली. आता आपण काय करतो? नगरसेवकाला लग्नात गाठतो, 'साहेब, आमच्या नालीचं पाहा जरा,' असं हसत हसत म्हणतो, तोही हसत हसत 'हो' म्हणतो, आणि दोघे पंगतीला बसतो. हक्काचं काम आपण मेहेरबानी करून टाकलं आहे.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझीच गोष्ट सांगतो. ज्या मावशीबद्दल सांगणार आहे ती इथे पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली आहे. तिला विचारूनच सांगतो आहे.

विहाराच्या मागच्या बाजूची नाली तुम्हा सर्वांना माहीत आहे. चार वर्षांपूर्वी तिच्यावरची फरशी फुटली. समितीची बैठक झाली, रीतसर ठराव झाला की नालीबाबत अर्ज द्यावा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, टाळ्या. अर्ज लिहायचं आणि नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण निवृत्त माणसाला काम नसतं असा सर्वांचा समज आहे. मी चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला, कार्यालयात गेलो. खुर्चीवरच्या माणसाने कागद घेतला, पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाला, 'ठीक आहे काका, पाहतो.' मी खूश होऊन घरी आलो. समितीत सांगितलं, काम झालं.

तो पावसाळा गेला. दुसरा आला. एकदा मी चौकशीला गेलो, तर खुर्चीवर दुसरा माणूस. तो म्हणाला, 'कोणता अर्ज? नंबर सांगा.' नंबर कुठून सांगणार? मी पोच घेतलीच नव्हती. नवा अर्ज देतो म्हणून परत आलो, आणि घरी लग्नकार्य निघालं, ते राहून गेलं. ऑगस्टमध्ये पौर्णिमेला वंदनेला येताना अंधारात मावशीचा पाय त्या फुटक्या फरशीत गेला. कमरेचं हाड मोडलं. यवतमाळला नेलं, ऑपरेशन झालं, सळई टाकली. तीन महिने ती खाटेवर होती. तिच्या मुलाने सोयाबीन निघायच्या आधीच व्याजाने पैसे काढले.

मी भेटायला गेलो तेव्हा मला तोंड वर करवत नव्हतं. तिला सगळं सांगितलं. वाटलं, रागवेल. ती म्हणाली, 'तू त कंडक्टर होता न रे बापू. मंग बिना तिकटाचा कसा आला वापस?'

धम्मबांधवांनो, एकतीस वर्षे मी लोकांना तिकीट घ्या, तिकीट सांभाळा, तपासणीला लागेल म्हणून सांगत आलो. स्वतःच्या वस्तीच्या अर्जाचं तिकीट मात्र घेतलं नाही. त्या दिवसापासून मी हा विषय मनाशी धरून आहे. आजचं भाषण त्यातूनच निघालं.

आता महाडबद्दल. दर २० मार्चला आपण भाषणं ऐकतो, तळ्याचं चित्र लावतो. त्या तळ्याच्या आधीची गोष्ट मात्र कोणी नीट सांगत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. हे बोले भंडारी समाजाचे, अस्पृश्य समाजाचे नव्हेत, हेही ध्यानात ठेवा. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला की चवदार तळे सर्वांना खुले आहे. त्या काळात महाड नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखा आपल्या बाजूचा माणूस होता. म्हणजे बघा, वरून मंजुरी होती, खालून मंजुरी होती, नगरपालिकेत मित्र होता. तरीही पुढची तीन वर्षे त्या तळ्यातलं पाणी आपल्या माणसाला पिता आलं नाही. ठराव दप्तरात आणि पाणी तळ्यात!

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले, तेव्हा कुठे त्या ठरावाला पाय फुटले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग कोर्ट. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहाला लोक जमले तर कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला. बाबासाहेबांनी ते प्रकरण सोडलं का? दहा वर्षे लढवलं. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून निकालापर्यंत मोजलं तर चौदा वर्षे लागली. आपण महाडचा एक दिवस लक्षात ठेवतो. त्यामागचे अर्ज, साक्षी, कागद, तारखा, वकिली खटपट हे सगळं विसरतो. मीही विसरलो होतो, म्हणून मावशी पडली.

बाबासाहेबांशी आपली तुलना करायची नाही. आपली नाली म्हणजे चवदार तळं नाही, आणि आज आपल्याला कोणी अडवत नाही. अडवत नाही म्हणूनच जास्त लाज वाटते. १९२७ मध्ये जायला वाट नव्हती, आज वाट आहे तर आपण चालत नाही.

वाटा किती आहेत ते थोडक्यात सांगतो, कारण तरुणांना वाटतं ओळखीशिवाय काही होत नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांची फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, तीस दिवसांत उत्तर. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो. पानभर शिव्या लिहायच्या नसतात. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात ठरवून दिलेले दाखले आणि सेवा मुदतीत द्याव्या लागतात, अर्ज घेतल्याची पोच द्यावी लागते, कसूर झाली तर अपील आहे आणि अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड आहे. शहरातल्या आपल्या वस्त्यांतील रस्ते, नाल्या, दिवे, पाणी यांच्यासाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधार योजना आहे. आपल्या प्रभागात तिच्यातून कोणतं काम कधी मंजूर झालं, किती रुपयांचं, हे विचारायला कोणाची ओळख लागत नाही. विचारलं पाहिजे, एवढंच.

घराचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. रमाई घरकुल योजना आपल्यासाठीच आहे, पण जागा नावावर असल्याचा कागद लागतो. आमच्या गल्लीत तीन पिढ्या एका जागेवर राहणारी कुटुंबं आहेत, भिंत आहे, चूल आहे, मतदार यादीत नाव आहे, आणि कागद नाही. आजोबांनी 'इथे राहा' म्हटलं की राहायचे, त्यांना सातबारा काय माहीत! पावसाळ्यात ताडपत्री बांधून हे लोक योजनेची जाहिरात वाचतात. यावर माझ्याकडे तयार उपाय नाही. एकेकट्याने खेटे घालण्यापेक्षा ज्यांची ज्यांची ही अडचण आहे त्यांची एक यादी करून सगळ्यांचा प्रश्न एकदम मांडावा, असं मला वाटतं. एका घराचा प्रश्न म्हणजे तक्रार समजली जाते, तीस घरांचा प्रश्न विषयपत्रिकेवर येतो.

तसंच जातीच्या दाखल्याचं. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. मग ऐन प्रवेशाच्या दिवसांत बाप धावतो, कोतवाल बुकाची नक्कल शोधतो, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधतो. धर्मांतराच्या आधीचे हे कागद घरोघरी लोखंडी पेटीत, गोधड्यांखाली पडले आहेत आणि त्यांना वाळवी लागते आहे. ते काढा, झेरॉक्स करा, प्लास्टिकमध्ये ठेवा. मुलगा अकरावीत जाण्याची वाट पाहू नका.

आता रेल्वे. त्याबद्दल बोललो नाही तर घरी जाऊ देणार नाही कोणी. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग. त्यातला वर्धा ते कळंब हा ३९ किलोमीटरचा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. यवतमाळला इंग्रजांच्या काळापासून मूर्तिजापूरकडे जाणारी छोटी शकुंतला होती, ती पुढे बंद पडली. कळंबच्या नशिबी तीही नव्हती. पहिल्या दिवशी मी नातवाला घेऊन गाडी पाहायला गेलो. जन्मभर एस.टी.चं मीठ खाल्लं, तरी डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

पण गाडी आली म्हणजे नोकरी आली असं नाही. गाडी दोन्ही बाजूंनी धावते. ती माणसं आणते तशी नेतेही. आपली पोरं आताच पुण्याला, नागपूरला, सुरतेला कंपनीत जातात. आता तिकीट काढून आरामात जातील. ती जाऊ नयेत असं मी म्हणत नाही, बाबासाहेब स्वतः न्यूयॉर्क-लंडनला गेले. फक्त जाणारा पोरगा बारा तास उभं राहून पॅकिंग करायला जातो की काही शिकून जातो, हा फरक इथे, कळंबलाच पडतो. आणि त्याचा संबंध आपल्या विहाराशी आहे. इथे मी थोडं कडू बोलणार आहे.

या वर्धापनदिनानिमित्त वर्गणी जमली. महिला मंडळाच्या भगिनींनी भिशीतून दिले, मजुरी करणाऱ्यांनी दिले. त्या पैशातून रस्त्यावर भव्य प्रवेशद्वार, कमान उभारावी असा विचार समितीत आहे. कमानीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी समजू शकतो. आमच्या पिढीने गावाबाहेर, कडेला राहण्याचा अपमान पाहिला. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावं की इथे आपलं विहार आहे, ही इच्छा पोकळ नाही. पाच वर्षांपूर्वी हाच विषय निघाला होता तेव्हा मी स्वतः कमानीच्या बाजूने हात वर केला होता.

त्यानंतर एक गोष्ट पाहिली आणि माझं मत बदललं. आपल्याच गल्लीतली एक मुलगी यवतमाळला कॉलेजात जाते. घरात एक खोली, त्यात आईवडील, दोन भाऊ, आजी आणि टी.व्ही. परीक्षेच्या दिवसांत ती रात्री विहाराच्या बाहेरच्या दिव्याखाली पायरीवर बसून वाचायची. आत कुलूप असायचं, किल्ली माझ्याकडे असायची. मला आठवडाभर कळलंच नाही. कळलं तेव्हा मी किल्ली दिली, पण ती म्हणाली, 'आजोबा, रात्री एकटी आत नाही बसत, आणि इथं बाथरूमही नाही.' खरं होतं तिचं. डबक चाळीच्या एका खोलीत रामजी बाबा पहाटे दोनला उठवून भीमाला अभ्यासाला बसवायचे, हे आपण दर १४ एप्रिलला सांगतो. आणि आपल्या लेकीला पायरीवर बसवतो.

म्हणून माझी सूचना अशी. कमान होऊ द्या, पण नंतर. आधी विहाराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत एक अभ्यासिका, पंचवीस मुलं बसतील एवढी, आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह. रात्री दहापर्यंत उघडी. आळीपाळीने दोन ज्येष्ठ तिथे बसतील. मी सोमवार आणि गुरुवार माझ्याकडे घेतो. कॉलेजच्या मुलांना स्वाधार योजनेचे, शिष्यवृत्तीचे फॉर्मही तिथेच भरता येतील. हे समितीला मान्य नसेल तर मी रुसून बसणार नाही, पण मतदान घ्या, आणि त्यात महिलांचेही हात मोजा. वर्गणी त्यांनीही दिली आहे.

दुसरी सूचना पहिल्या गोष्टीशी जोडलेली आहे. ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा कोणी बोलावत नाही. तर आपणच दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास इथे बसायचं. पक्ष बाहेर ठेवायचा. आपल्यात किती गट आहेत ते मला माहीत आहे, यादी वाचली तर भोजनदानाची वेळ टळून जाईल. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, लेखी निमंत्रण द्यायचं. एक रजिस्टर ठेवायचं. कोणता अर्ज, कोणी नेला, कोणत्या तारखेला, आवक क्रमांक काय, उत्तर आलं का. मागच्या पौर्णिमेला ज्याने काम घेतलं त्याने उभं राहून सांगायचं, झालं की नाही. नाही झालं तर का नाही. कोणी हसायचं नाही, कारण पहिल्या पानावर माझं नाव असणार आहे.

रजिस्टर मी विकत घेतलं आहे, हे पाहा. पहिली नोंदही केली. परवा नालीचा अर्ज पुन्हा दिला. या वेळी दोन प्रती नेल्या. समोरच्या माणसाने पेपरवेट उचलला तेव्हा मी म्हटलं, 'साहेब, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर द्या, मी थांबतो.' पंधरा मिनिटं थांबलो. शिक्का मिळाला. येताना मावशीच्या घरी गेलो आणि तिच्या हातात तो कागद दिला. तिने चष्मा लावून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, 'आता कुठं उतरायचं ते पाय.'

येत्या पौर्णिमेला बसू. ज्यांच्याकडे जुने अर्ज असतील त्यांनी घेऊन यावे, पोच नसली तरी आणावे. जागेचे कागद ज्यांच्याकडे नाहीत त्यांनीही यावं. सतरंज्या विहारात आहेत, चहा माझ्याकडे.

जयभीम. नमो बुद्धाय.